आतली साल

उकळत्या भांड्यातून जेवायच्या काड्यांनी सालीचा तुकडा उचलला आणि मी तो चुलीत टाकला. नखाएवढा होता, तांबूस, ओला. चर्र झालं आणि संपलं.

"काय शोधताय, त्सेंगदादा? मासा लागला का गळाला?" बाहेरच्या पडवीतून इनच्याव ओरडली.

"फेस काढतोय."

"काड्यांनी? झारा कुठं गेला?"

"झारा धुवायचाय."

"पुरुषमाणसाच्या हाती चूल दिली की हे असं," ती म्हणाली आणि तिच्या सुरीचा खसखस आवाज पुन्हा सुरू झाला.

मी पुढच्या भांड्याकडे वळलो. आमच्या शितांगच्या दवाखान्यात मुळाच्या काढ्याची अकरा मातीची भांडी होती. एकेका रोग्याचं एकेक. भांड्याच्या कानाला रोग्याच्या नावाची पाटी बांधलेली. झाकण न ठेवता दोन तास मूळ एकटंच उकळायचं, मग बाकीची औषधं घालायची. ते माझं काम. मूळ सोलायचं काम इनच्यावचं.

त्या वेलीला आमच्याकडे अळीमार म्हणतात, कारण तिचं पाणी भाजीवर शिंपडलं की अळ्या मरतात. डॉक्टरांच्या कागदावर तिचं नाव विजेच्या देवावरून आहे. शेळ्या तिचा पाला खुशाल खातात, माणसानं खाऊ नये. इनच्यावची थोरली बहीण त्या वेलीनंच गेली होती. कशी, ते आमच्याकडे कुणी विचारत नाही. पण त्याच वेलीच्या मुळाचं लाकूड नीट उकळून प्यायलं तर सांध्यांची आग उतरते, आखडलेले हात उघडतात. लाकूड तेवढं औषध. त्यावर दोन साली असतात. वरची नारिंगी, भुसभुशीत, ती कुणीही काढील. तिच्याखाली दुसरी, पातळ, तांबडी, लाकडाला चिकटलेली. मुळाला जिथं फाटे फुटतात तिथं ती बेचक्यात शिरून बसते. तिथं वाकडं पातं घालून, मूळ बोटांत गोल फिरवत, खरवडून काढावी लागते. डॉक्टर वेन नव्या माणसाला एवढंच सांगत, "औषध आणि विष यांच्यात इथं एका नखाचं अंतर आहे. ते नख म्हणजे इनच्याव."

सव्वीस वर्षं तिनं मुळं सोलली. सव्वीस वर्षांत तिच्या मुळानं एकालाही ओकारी झाली नव्हती.

आणि त्या हिवाळ्यात मला भांड्यांत तांबडी साल दिसू लागली.

पहिल्यांदा दिसली तेव्हा मी मनाशी म्हटलं, माणूस आहे, चुकतो. तीन दिवसांनी पुन्हा. मग मी पडवीकडे लक्ष देऊ लागलो. इनच्याव पूर्वी सगळ्यांच्या नंतर, केस ओलेच घेऊन यायची. आता मी चूल पेटवायच्या आधी ती दारात असे.

"पाणी तापलं का?"

"आत्ता तर काडी ओढतोय."

"तापलं की मला एक परात द्या. मुळं फार चिखलाची आलीत."

मुळं धुवायला आम्ही कधी गरम पाणी वापरलं नव्हतं. परात दिली की ती माझ्याकडे पाठ करून बसे आणि मनगटांपर्यंत हात बुडवून ठेवी. बराच वेळ. भाताची पेजही ती आता बोटांनी वाडगा धरून पीत नव्हती. दोन्ही तळव्यांच्या मध्ये धरून, लहान मूल धरतं तसा.

मी डॉक्टर नाही. पण त्या इमारतीत पंचवीस वर्षं काढलेल्या माणसाला हे कुणी सांगावं लागत नाही. सकाळी आखडतात, दोन्ही हात सारखेच, बोटांची मधली पेरं सुजतात. आमच्या बाकावर रोज तीच माणसं बसलेली असत. गंमत म्हणजे इनच्यावच त्यांना लांबून ओळखायची. सुरी न थांबवता म्हणायची, "ती निळ्या कोटातली आपली. तो म्हातारा आपला नाही, तो झाडावरून पडलाय." आणि तसंच निघे.

मी तिला बोललो नाही. एकदा फक्त म्हणालो, "हात दाखव एकदा डॉक्टरांना."

"कशाला? हात पाहून लग्न जमवणारेत का माझं?"

"सुजलेत."

"थंडीनं. तुमचं नाकसुद्धा सुजलंय, मी बोलले का काही?"

पडवीमागची खोली तिला कामाबरोबर मिळालेली होती. नवरा नाही, मूल नाही. काम गेलं तर खोली गेली, हे तिला ठाऊक होतं आणि मलाही. पण मी गप्प राहिलो ते तेवढ्यासाठी नाही. माझी बायको गेली तेव्हा हीच बाई चाळीस दिवस माझ्या खिडकीत झाकलेला वाडगा ठेवून जायची. एकदाही हाक मारली नाही, एकदाही विचारलं नाही की खाल्लंत का. दुसऱ्या दिवशी रिकामा वाडगा उचलायची. मला वाटलं, उपकार असे फेडावेत. न बोलता. म्हणून मी दर सकाळी अकरा भांड्यांवर वाकायचो, काड्यांनी लाकडाचे तुकडे उलटेपालटे करायचो आणि सापडेल ती साल चुलीत टाकायचो. कधी एक, कधी तीन. मुळं भांड्यात पडायच्या आधीच टोपलीत तपासूनही घ्यायचो. महिनाभर हे चाललं. मला त्याचा थोडा अभिमानही वाटायला लागला होता, हे आता सांगायला हरकत नाही.

मग माझ्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढायला जिल्ह्याच्या इस्पितळात तारीख मिळाली. दोन रात्री तिथं राहायचं होतं. चुलीवर कोण बसणार? स्वयंपाकघरातल्या लूबाईला डॉक्टरांनी सांगितलं. मी तिला सगळं दाखवलं. पाणी किती, जाळ किती, झाकण ठेवायचं नाही, पाट्या अदलाबदल करायच्या नाहीत.

"अहो, मी चाळीस माणसांचा भात शिजवते," ती म्हणाली. "अकरा भांड्यांचं काय सांगता!"

"आणि भांड्यात काही लाल दिसलं तर काढून टाक."

"लाल? काय लाल?"

पडवीतली खसखस थांबली होती. इनच्याव ऐकत होती की मूळ बदलत होती, कोण जाणे.

"काही नाही," मी म्हणालो. "तुझ्या हाताची मिरची पडायची एखादी."

लूबाई हसली. खसखस पुन्हा सुरू झाली. मी पिशवी उचलली आणि बस पकडली.

तिसऱ्या दिवशी डोळ्यावर पट्टी बांधून परत आलो. अंगणात नेहमीची गडबड नव्हती. बाकावरची माणसं हळू आवाजात बोलत होती. आतल्या खाटेवर फांग मेइयुन पडलेली होती आणि तिच्या हाताला सलाइन लावलेलं. मेइयुन चहाच्या कारखान्यात पानं निवडायची. तीन वर्षांपूर्वी आली तेव्हा नवऱ्यानं पाठीवर आणली होती. आमच्या काढ्यानं ती पुन्हा निवडायला बसू लागली होती. आता तिचा चेहरा कागदासारखा झाला होता आणि नवरा पायाशी बादली धरून उभा होता.

"काल संध्याकाळचा काढा प्यायली," लूबाई मला दारातच म्हणाली. तिचे डोळे रडून सुजले होते. "रात्रभर ओकतेय, पोटात कळा. त्सेंगकाका, देवाशपथ, मी सांगितलं तसंच केलं. दोन तास उकळलं. घड्याळ लावून."

"तू काही चुकली नाहीस," मी म्हणालो.

औषधाचा चोथा आम्ही दुसऱ्या दिवशीपर्यंत ठेवतो, मग रस्त्यावर टाकतो. येणाऱ्याजाणाऱ्यानं तुडवला की दुखणं त्यांच्या पायांबरोबर निघून जातं, असं लोक मानतात. मेइयुनचा चोथा अजून टाकलेला नव्हता. डॉक्टर वेननी तो पांढऱ्या तबकात पसरला होता. त्यांनी इनच्यावला बोलावलं, लूबाईला बोलावलं, मलाही. ते ओरडत नसत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

"बघा," ते म्हणाले.

पिवळट लाकडाच्या तुकड्यांत एका बेचक्याजवळ साल होती. भिजून फुगलेली, तांबडी. एक मोठी, दोन बारीक.

इनच्यावनं वाकून पाहिलं. "हे माझं नाही."

"इनच्याव मावशी—"

"माझं नाही म्हणते ना! कुणीतरी बाहेरचं मूळ घातलं असेल. मी अशी ठेवते का साल? सव्वीस वर्षं झाली." तिनं हात पुढे केला. "आणा, दाखवते. माझं पातं कसं चालतं ते मला माहीत आहे. कापल्याची खूण बघून सांगते."

तिनं अंगठा आणि तर्जनी सालीवर टेकवली. उचलायला गेली. साल सरकली. पुन्हा धरली, पुन्हा सरकली. तबकाच्या कडेला नेऊन, नखानं ओढून, तिथून उचलू पाहिली. बोटं जुळेचनात. अंगठ्याचं टोक एकीकडे, बोटाचं दुसरीकडे. ओल्या चिनीमातीवर तिच्या नखांचा बारीक आवाज तेवढा येत होता. आम्ही तिघं बघत होतो. डॉक्टरांनी मदतीला हात पुढे केला आणि अर्ध्यावरून मागे घेतला.

शेवटी तिनं हात मागे घेतले आणि पोटाशी धरले.

"माझंच आहे," ती म्हणाली.

तेव्हा मी बोललो. बोलायला नको होतं असं नाही, महिनाभर आधी बोलायला हवं होतं. "डॉक्टर, हिचा एकटीचा दोष नाही. मला ठाऊक होतं. मी रोज साल काढून टाकत होतो."

"रोज?" डॉक्टरांनी विचारलं.

"महिना झाला."

डॉक्टर काही म्हणायच्या आत इनच्याव माझ्याकडे वळली. मला वाटलं होतं, तिच्या डोळ्यांत पाणी असेल. नव्हतं.

"महिनाभर तुम्हाला दिसत होतं?"

"तुला दुखवायचं नव्हतं, म्हणून..."

"मला दुखवायचं नव्हतं! आणि ती आत पडलीय तिला?" तिचा आवाज चढला. बाकावरची माणसं वळून पाहू लागली. "पहिल्या दिवशी ती साल माझ्या पुढ्यात आपटली असतीत तर मी सुरी खाली ठेवली असती. रडले असते, तुम्हाला चार शिव्या दिल्या असत्या, पण ठेवली असती. तुम्ही मला सोलू दिलंत. मी रोज रात्री म्हणायचे, हात दुखतात पण काम अजून चोख आहे. कुणाची तक्रार नाही. ते चोख तुम्ही करत होतात आणि मला कळूही दिलं नाहीत. माझ्या हातानं तुम्ही त्या पोरीला विष पाजलंत, दादा."

"इनच्याव—"

"माझं नाव घेऊ नका."

ती पडवीत गेली. तिनं सोललेल्या मुळांची टोपली पायानं ढकलत अंगणाच्या मधोमध आणली, हातांनी उचलवत नव्हती म्हणून, आणि लूबाईला म्हणाली, "जाळ ही. सगळी. आणि धुराच्या बाजूला उभी राहू नकोस."

त्या दिवसापासून भांडी बंद झाली. डॉक्टरांनी जिल्ह्याला स्वतः कळवलं. कागदावर त्यांनी ना तिचं नाव घातलं ना माझं. लिहिलं की देखरेख कमी पडली, आणि ती त्यांची स्वतःची होती. ज्यांना चालतील त्यांना त्याच वेलीच्या, औषध कारखान्यात बनवलेल्या गोळ्या मागवल्या. रोगी दोन-तीन दिवस गप्प होते, मग अंगणात येऊन भांडू लागले.

"एका बाईला ओकाऱ्या झाल्या म्हणून आमचे गुडघे बंद ठेवणार का?" गवळी आळीचा एक म्हातारा काठी आपटून म्हणाला.

"तुमच्या पोटात गेली असती ती साल, म्हणजे बोलला असतात," लूबाईनं त्याला सुनावलं.

"माझ्या पोटात काय नाही गेलं! माझी बायको चाळीस वर्षं स्वयंपाक करतेय."

मेइयुन चौथ्या दिवशी उठून बसली. डॉक्टरांनी दोनदा तिचं रक्त तपासायला पाठवलं आणि दोन्ही वेळा कागद हातात येईपर्यंत ते जेवले नाहीत. बरी आहे कळलं त्या दुपारी इनच्याव तिच्या खाटेशी गेली. मी गरम पाण्याची बाटली घेऊन दारात होतो. आत जाववेना, परतही फिरवेना.

"मावशी," मेइयुन म्हणाली, "बसा ना. तुम्ही सोललेलं तीन वर्षं प्यायले मी. आज उभी राहते ती त्याच्यावर."

"आणि परवा आडवी झालीस तीही त्याच्यावरच. गोड बोलू नकोस."

"बरं, नाही बोलत." मेइयुन इनच्यावच्या मांडीवरच्या हातांकडे पाहत होती. "सकाळी किती वेळ लागतो?"

"कशाला?"

"मुठी उघडायला. मला पहिल्या वर्षी कारखान्याचा पहिला भोंगा होईपर्यंत लागायचा."

मला वाटलं, इनच्याव आता उठून जाईल.

"मागच्या बांबूंवर ऊन येईपर्यंत," ती म्हणाली.

"म्हणजे माझ्यापेक्षा वाईट. मग इथं कशाला बसलात? बाहेर बाकावर जाऊन बसा. नंबर लावा."

"सगळं गाव बघेल."

"बघू दे की. मला नवऱ्याच्या पाठीवर बघितलं होतं त्यांनी."

इनच्याव दुसऱ्या दिवशी गेली नाही, तिसऱ्याही दिवशी गेली नाही. माझ्याशी तर ती बोलतच नव्हती. पाण्याची परात मी तिच्या दाराशी ठेवत होतो आणि ती तशीच थंड होऊन परत येत होती. सातव्या दिवशी सकाळी बाकावरची एक बाई "सरका जरा, सरका," म्हणाली म्हणून मी पाहिलं. इनच्याव तिच्या शेजारी बसली होती. केस विंचरलेले, धुतलेला कोट. हात बाह्यांत लपवलेले नव्हते. गुडघ्यांवर उघडे ठेवले होते.

आतून नर्सनं पुकारलं, "चुंग इनच्याव!"

कुणी उठलं नाही. त्या अंगणात तिला पूर्ण नावानं कुणी हाक मारलीच नव्हती. नर्सनं पुन्हा पुकारलं. शेजारच्या बाईनं तिला कोपरानं ढोसलं तेव्हा ती उठली, हात न टेकता, फक्त पायांच्या जोरावर.

दार अर्धवट उघडं होतं. डॉक्टरांनी तिची बोटं एकेक करून दाबली, मनगटं वळवली.

"कधीपासून?"

"भाताच्या कापणीपासून."

"माझ्यापासून वीस पावलांवर," डॉक्टर म्हणाले. मग बराच वेळ ते लिहीत होते. "खोलीचं मी बोललो आहे. खोली तुमचीच. सुरी मात्र आता नाही."

"सुरी मीच नेऊन दिली लूबाईला," इनच्याव म्हणाली. "ती चांगली आहे. घाबरते. घाबरणारं माणूस हवं तिथं."

दुपारी मी रिकाम्या चुलींतली राख काढत होतो. ती आली आणि उंबऱ्यात उभी राहिली. गोळ्यांची पेटी तिनं दोन तळव्यांत धरली होती.

"हे वाचा," ती म्हणाली.

सतरा दिवसांत हे तिचे माझ्याशी पहिले शब्द. मी हात पुसले. पेटीत घडी घातलेला बारीक अक्षरांचा कागद होता. मी अक्षरं शिकलो ती चाळिशीनंतर, प्रौढांच्या वर्गात, आणि भांड्यांच्या पाट्या हाच माझा रोजचा सराव. तिनं कधी शिकूनच घेतलं नाही. मी कागद उजव्या डोळ्यासमोर धरला.

"जेवणानंतर घ्यायच्या. दिवसातून तीनदा. बाकी काही विशेष—"

"सगळं वाचा. मधलं गाळू नका."

मी वाचू लागलो. बोट ठेवून, एकेक ओळ. पोट बिघडू शकतं. ओकारी होऊ शकते. तोंडात फोड येतात. तरण्या बायकांची पाळी थांबते. "ते राहू दे," मी म्हणालो, "तुला लागू नाही." ती म्हणाली, "वाचलंत ना, बस. पुढं." यकृतावर परिणाम होतो. रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात, म्हणून रक्त तपासत राहावं. ती खाली राखेकडे पाहत ऐकत होती. मी वाचता वाचता एका अक्षरापाशी अडलो. आमच्या लिपीत एक अक्षर म्हणजे अख्खा शब्द; हे फार रेघांचं होतं, कधी पाहिलेलं नव्हतं. ते वगळून पुढची ओळ वाचली असती तर तिला कळलं नसतं.

"हे मला येत नाही," मी म्हणालो.

"काय असेल?"

"अंदाजानं सांगत नाही. माहीत नाही मला."

तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"मग विचारून या," ती म्हणाली आणि माझ्या स्टुलावर बसली. "मी आहे इथं."

मी त्या अक्षरावर अंगठा दाबून धरला, म्हणजे ओळ हरवायला नको, आणि अंगण ओलांडून डॉक्टरांच्या दाराशी गेलो. रांग होती. मी शेवटी उभा राहिलो. माझ्यापुढं सात जण होते.